बोलावणाऱ्याने उजेडाचीही तजवीज सांगावी

न्यायालयातील युक्तिवाद, नोकरीची मुलाखत, बँकेतील खातेदाराची पडताळणी आणि डॉक्टरांचा सल्ला ही सर्व कामे ज्या काळात संगणकाच्या पडद्यावरून होऊ लागली आहेत, त्या काळात समोरच्या इसमाचा चेहरा स्वच्छ दिसणे ही त्या व्यवहाराची पहिली गरज ठरते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ग्राहकाची ओळख व्हिडिओवरून पटवून घेण्याची मुभा दिली, आणि त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून दूरदृश्य सुनावणीस अधिष्ठान दिले. परंतु या व्यवहारांत सहभागी होणाऱ्याच्या मुखावर उजेड कोठून यावा, हा विचार बहुधा ज्याच्या त्याच्यावरच सोपविला गेला.

अडचणीचे मूळ कॅमेऱ्याच्या स्वभावात आहे. संगणकातील चिमुकला कॅमेरा सबंध चौकटीतील उजेडाचा अदमास घेऊन चित्राची प्रखरता ठरवितो. त्यामुळे पाठीमागे उघडी खिडकी असली की मुख काळवंडते, आणि डोक्यावर एकच मंद दिवा असला की डोळ्यांच्या खोबणींत सावल्या साचतात, चित्र रवाळ होते व हालचाल पुसट दिसते. सावळ्या वर्णाची त्वचा प्रकाश कमी परावर्तित करीत असल्याने ही हानी सावळ्या माणसास अधिक सोसावी लागते, आणि आपल्या देशात ती गोष्ट लहान मानता येणार नाही.

यावरचा उपाय पुष्कळदा समोरच्या मेजावरच असतो. पडद्यावर कोरा पांढरा दस्तऐवज उघडून, बोलण्याची चौकट लहान करून कॅमेऱ्याजवळ ठेवली आणि प्रखरता पूर्ण वाढविली, तर ३०० निट तेजाचा १५ इंची पडदा अर्ध्या मीटरवरील चेहऱ्यावर सुमारे ७० लक्स प्रकाश टाकतो, व तेवढ्याने अंधाऱ्या खोलीतही मुखावरील भाव ओळखू येतात. प्रकाशाचा उगम जितका विस्तीर्ण व निकट, तितकी सावली मृदू, हा छायाचित्रकारांना पूर्वापार ठाऊक असलेला नियम येथेही लागू पडतो. ॲपलने तर मॅकओएसच्या २६.२ या आवृत्तीत पडद्याच्या कडेने प्रकाशाची पट्टी उमटविणारी ‘एज लाइट’ ही सोय अंगभूतच करून दिली. ती नसणाऱ्यास कोरे पांढरे पान पुरेसे आहे, आणि त्याकरिता वेगळा दिवा विकत घेण्याची निकड नाही.

या उपायास मर्यादाही आहेत. पडद्याचा शुभ्र वर्ण सुमारे ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर, आणि घरातील पिवळ्या दिव्याचा सुमारे २७०० केल्विनचा असल्याने दोहोंच्या मिश्रणात एक गाल निळा व दुसरा पिवळा दिसतो. अशा वेळी पडद्यावरील ‘नाइट लाइट’ चालू करून त्याचा रंग पिवळट करावा. चष्म्याच्या काचेत पडदा उमटत असेल तर तो किंचित वर उचलून बाजूला सरकवावा. डॉक्टरांना मात्र पापणीतील फिकेपणा किंवा डोळ्यांतील कावीळ रंगावरूनच ओळखावयाची असते, म्हणून त्यांच्याशी बोलताना या उजेडावर मुळीच विसंबू नये. दिवसाची वेळ मागून घ्यावी आणि खिडकीकडे तोंड करून बसावे.

एवढी साधी माहिती ज्यास कोणी दिली नाही, त्याच्या अंधुक दिसण्याचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होय. सबब बँका, न्यायालये व निवड मंडळे यांनी वेळ आणि दुवा कळविताना उजेडाविषयीच्या चार ओळीही कळवाव्यात, कामास प्रारंभ करण्यापूर्वी चेहरा नीट दिसतो याची खातरजमा करून घ्यावी, दिसत नसेल तर जागा बदलण्यास अवधी द्यावा, आणि काळोखापायी कोणाच्याही गुणवत्तेत वा विश्वासार्हतेत उणे धरू नये. या तजविजीस खर्च नाही, आणि ती करण्याची पहिली जबाबदारी बोलावणाऱ्याची आहे.