तेलगळतीचे निदान

लातुरास आमच्या घरी जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईस कुर्ला येथील ज्या कारखान्यात ती झाली, ती प्रीमियर कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिली. गेल्या उन्हाळ्यात गाडीखालच्या फरशीवर रोज तेलाचा डाग पडू लागला. पुलीमागील ऑइल सील झिजले असावे, असा आम्ही तर्क केला. चिरंजीवांच्या साह्याने घरीच पुली उतरवून जुने सील काढिले. नव्या सीलची ओठासारखी कड तेलाच्या बाजूस ठेविली, तीस थोडे तेल लाविले व ते चहूंकडून सारखे ठोकून बसविले.

आठच दिवसांत पुन्हा डाग! आम्ही संतापाने दुकानदारास गाठून त्याचा माल खोटा ठरविला. तो शांतपणे एवढेच म्हणाला, “गुरुजी, ब्रीदरची नळी पाहिली का?”

पाहतो तो नळी काळ्या चिकट मळीने बुजलेली! पिस्टनच्या कडेने निसटणारा वायू ज्या वाटेने बाहेर पडावयाचा, तीच बंद. कोंडलेल्या वायूच्या दाबाने तेल सीलमधून बाहेर येत होते. नळी स्वच्छ केली; सील तेच ठेविले; गळती थांबली.

‘निदान’ म्हणजे मूळ कारण, हे आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षे शिकविले आणि स्वतः मात्र गळतीचे स्थान तेच तिचे कारण मानून बसलो. दुसऱ्याच दिवशी दुकानी जाऊन चार गिऱ्हाइकांदेखत क्षमा मागितली. कारण आरोपही चारचौघांतच केला होता. सील बसविण्यापेक्षा हे काम आम्हांस कठीण गेले. वाचकांनी सील बदलण्यापूर्वी ती नळी अवश्य पाहावी.