खेळातला वाघ आणि झाडीतला वाघ

गेल्या हिवाळ्यात सिंदेवाही तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञानाच्या कार्यक्रमासाठी गेलो होतो. मधल्या सुट्टीत आठ-दहा मुले एका मोबाईलभोवती गोळा झालेली दिसली. पडद्यावर दाट जंगल होते. हातात बंदूक, आणि समोरून डरकाळ्या फोडीत वाघ धावत येत होता. वाघ पडला की शंभर गुण. मीही वाकून पाहू लागलो. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हा वाघ खोटा आहे. असा ओरडत कधी येते का वाघ?"

मुलांनो, तिचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. वाघ आडोशाआडोशाने, पावलांचा आवाज होऊ न देता जवळ येतो. अंतर अगदी थोडे उरले की शेवटची धाव घेतो, आणि तीही बहुधा मागून किंवा बाजूने. एवढे करूनही त्याच्या अनेक झडपा वाया जातात. शिकारीला निघालेला वाघ डरकाळी फोडू लागला तर उपाशीच मरेल! त्या मुलीला हे पुस्तकातून कळले नव्हते. तिची आई उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला आणि पुढे तेंदूपाने तोडायला जाते. १० मे २०२५ रोजी याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. पाने तोडताना माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेल्या माणसाचा आकार चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, असे वन्यजीवांचे अभ्यासक सांगतात. त्या भागातल्या मुलांना वाघ कसा येतो हे ठाऊक असणे म्हणजे सामान्यज्ञानाचा एक गुण मिळवणे नव्हे.

एखाद्या व्हिडिओ गेमचे याहून चांगले परीक्षण मी ऐकलेले नाही. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, सिनेमाचे तर घरोघरी होते. व्हिडिओ गेमबद्दल मात्र आपल्याकडे दोनच वाक्ये बोलली जातात. मोठी माणसे म्हणतात, "बंद कर तो मोबाईल." मित्र विचारतात, "कितव्या लेव्हलला पोचलास?" तिसरे वाक्य नाहीच. ते तिसरे वाक्य तुम्ही मुलांनी बोलायला शिकावे, आणि त्यासाठी नवे, लहान, स्वतंत्र खेळ शोधून खेळावेत, असे माझे मत आहे. एका विज्ञान मासिकात हे कशाला, असे काही शिक्षकांना वाटेल. थोडा धीर धरावा.

वाघबकरीचा डाव तुमच्यापैकी काहींनी पारावर मांडला असेल. महाराष्ट्रात लेण्यांच्या आणि देवळांच्या फरशीवरही असे पट कोरलेले सापडतात. पटाचे आकार गावागणिक बदलतात. नेपाळात त्याला बाघचाल म्हणतात, आणि तिथे पंचवीस बिंदूंच्या पटावर चार वाघ आणि वीस बकऱ्या असतात. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या मिळून वाघाची वाट अडवतात. लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या दोन संगणकशास्त्रज्ञांनी या खेळाचा संगणकावर कसून शोध घेतला. दोन्ही बाजू एकही चूक न करता खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो, असा त्यांचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. पारावरचा खेळ आणि असे गणित!

आता हा डाव जरा वेगळ्या नजरेने पाहा. एकटी बकरी दुबळी आणि कळप बळकट, असे एक गृहीत त्याच्या नियमांत बसलेले आहे. आणि काय काय वगळले आहे? या पटावरच्या वाघाला भूक लागत नाही. बकऱ्यांना चारा लागत नाही. पाणवठा नाही, उन्हाळा नाही. विज्ञानात एखाद्या घटनेची प्रतिकृती मांडताना आपण हेच करतो. काही गोष्टी ठेवतो, काही सोडतो, आणि सोडलेल्या गोष्टींमुळे उत्तर किती चुकते ते तपासतो. प्रत्येक खेळ ही अशी एक प्रतिकृती असते. खेळ रचणाऱ्याला जग कसे वाटते, हे तो नियमांतून सांगत असतो. मग ते खरे की खोटे, हे विचारायला नको का? त्या मुलीने तेवढेच विचारले होते.

आता 'स्वतंत्र खेळ' म्हणजे काय, ते सांगतो. झाडीपट्टीतल्या मुलांना हे समजायला मुळीच अवघड नाही. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. धान निघाले, दिवाळी झाली, गावोगाव मंडई आणि शंकरपट सुरू झाले की या कंपन्या रात्र-रात्र नाटके करतात. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीची परवानगी त्यांनी कधी मागितली नाही. लेखक आपला, नट आपले, प्रेक्षक आपले. नाटक पडले तर तोटाही आपलाच. त्याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. व्हिडिओ गेमच्या जगात स्वतंत्र खेळ तसाच असतो. शेकडो माणसे आणि अब्जावधी रुपये लावणाऱ्या कंपन्या एकीकडे, आणि दुसरीकडे एक-दोन माणसे किंवा दहा-बारा जणांचा चमू, स्वतःच्या कल्पनेने आणि बहुधा स्वतःच्या खर्चाने खेळ तयार करणारा.

आपल्या राज्यातले उदाहरण घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने 'राजी' नावाचा खेळ तयार केला. लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करण्याचा त्यांचा २०१७ सालचा प्रयत्न फसला. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम चालू राहिले, पुढे एका मोठ्या परदेशी कंपनीचे अनुदान मिळाले, आणि २०२० साली खेळ बाहेर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकांत पहिल्या खेळासाठी असलेल्या बक्षिसाच्या नामांकनांत त्याचा समावेश झाला. राजी ही डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. खेळातल्या वास्तू मला फार आवडल्या. मारामारी मात्र मला तीच ती वाटली. आता मी हे बोललो, की तुमच्यापैकी कोणीतरी "छे, मारामारीच तर मजेची आहे" म्हणायला हवे. चर्चा अशीच सुरू होते.

असे खेळ सापडायचे कसे, हा मोठा प्रश्न आहे. स्टीम नावाचे खेळांचे एक इंटरनेटवरचे दुकान आहे. तिथे २०२४ या एका वर्षात अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. दिवसाला सुमारे पन्नास! मोठी कंपनी जाहिरातीचा ढोल वाजवते, त्यामुळे तिचा खेळ आपोआप तुमच्यापर्यंत येतो. दोघा मित्रांनी केलेला चांगला खेळ त्या ढिगात तळाशी राहतो. त्याला वर काढणारे एकच साधन आहे, ते म्हणजे तो खेळलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगणे.

एटापल्ली-भामरागडच्या मुलांना आणखी एक अडचण आहे. तिथे काही ठिकाणी एक फोन लागायला टेकडी चढावी लागते. पण इथेच लहान खेळांचा फायदा आहे. पिको-८ नावाची एक आज्ञावली आहे. तीत पडदा फक्त १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा, रंग सोळा, आणि सबंध खेळ ३२ किलोबाइटमध्ये बसवायचा, असे बंधन मुद्दाम घातलेले आहे. तुमच्या मोबाईलवरचा एखादा साधा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. या बंधनात दोन मित्रांनी २०१५ साली चार दिवसांत डोंगर चढणाऱ्या मुलीचा 'सेलेस्ट' हा खेळ केला. तोच वाढवून २०१८ साली मोठा केला, आणि तो जगभर गाजला. पिको-८ वरचे पुष्कळ खेळ शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालतात. तेव्हा खेळ निवडताना चित्रे किती झगझगीत आहेत ते आधी पाहू नका. कोणी केला, किती जणांनी केला, किती जागा घेतो, पैसे मागतो का, हे पाहा. ज्यात पैसे लावून पैसे जिंकायचे असतात तो जुगार होय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा ऑनलाईन खेळांवर बंदी घातली आहे. त्यांची चर्चा इथे करायची नाही.

चर्चा कशी करावी, हे शिकायला परदेशी जाण्याची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव आहे. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे गावाची एक जुनी सवय आहे, ती अभ्यासगटाची. विषय कोणताही असो, आधी बसून त्याचा अभ्यास करायचा, मतभेद बोलून दाखवायचे, आणि ग्रामसभेत निर्णय बहुमताने न करता सर्वांच्या सहमतीने करायचा. एकाचेही मन वळले नाही तर पुन्हा बसायचे.

आता हे लक्षात ठेवून लंडनच्या अस्टू गेम्सचा २०२० सालचा 'अल्बा' हा खेळ पाहा. अल्बा ही मुलगी सुट्टीत आजी-आजोबांकडे एका बेटावर येते. तिथल्या राखीव जंगलाच्या जागी मोठे हॉटेल होणार असते. अल्बा पक्ष्यांचे, प्राण्यांचे फोटो काढते, कचरा उचलते, मोडके पूल दुरुस्त करते आणि गावकऱ्यांच्या सह्या गोळा करते. खेळ गोड आहे, बंदूक नाही, आणि पक्षी ओळखण्याचा चांगला सराव होतो. पण मेंढ्याच्या मुलाने हा खेळ खेळला तर तो काय म्हणेल? सह्यांचा आकडा भरला की काम पुढे सरकते. ज्याने सही दिली नाही त्याचे म्हणणे काय होते? हॉटेलात नोकरी मिळेल असे कोणाला वाटत होते का? त्याच्याशी कोणी बोलले का? हा प्रश्न लंडनच्या परीक्षकाला सहज सुचणार नाही. मेंढ्यातल्या दहा वर्षांच्या मुलाला सुचेल. तुमच्या मताला किंमत आहे असे मी म्हणतो, ते तुम्हाला बरे वाटावे म्हणून नाही.

याच कारणाने स्टॉकहोमच्या एका लहान चमूचा २०१३ सालचा 'शेल्टर' हा खेळही मी तुम्हाला सुचवीन. त्यात तुम्ही बिज्जू जातीच्या प्राण्याची मादी असता. मागे पाच पिल्ले. अन्न थोडे, वरून शिकारी पक्षी घिरट्या घालतो. कोणते पिल्लू उपाशी आहे ते रंगावरून ओळखून त्यालाच घास द्यावा लागतो. वाघबकरीत वगळलेली भूक इथे आहे.

पालकांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, खेळाच्या व्यसनाला स्थान आहे. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा तोच महत्त्वाचा वाटणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे, ही त्याची लक्षणे. मात्र ज्या खेळाबद्दल अर्धा तास बोलायचे आहे, लिहायचे आहे, तो थांबवावाच लागतो. माझा अनुभव असा, की चर्चा करणारी मुले खेळतात कमी आणि भांडतात जास्त.

एक गोष्ट मला विशेष वाटते. अलास्कातल्या इनुपियात या आदिवासी समाजाने २०१४ साली 'नेव्हर अलोन' हा खेळ काढला. तिथली कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल ही संस्था आणि खेळ करणारे तंत्रज्ञ एकत्र बसले. कथा समाजातल्या वडीलधाऱ्यांकडून आली, निवेदन इनुपियात भाषेत ठेवले, आणि खेळता खेळता त्या लोकांच्या मुलाखतींच्या छोट्या फिती उघडत जातात. नूना नावाची मुलगी आणि एक पांढरा कोल्हा हिमवादळाचे मूळ शोधत जातात. उद्या माडियात किंवा गोंडीत सांगितलेला खेळ कोणी करू लागला, तर तो करणाऱ्याने गोटुलात कोणाला विचारले, गोष्ट कोणाच्या आजीची होती, इंद्रावतीचे पूर येऊन ओसरतात कसे ते पाहिले का, हे तपासणारी मुले आधी तयार असायला हवीत. खेळ करणारी मुलेही त्यांच्यातूनच निघतील. गोडो नावाचे खेळ तयार करण्याचे साधन २०१४ पासून सर्वांना फुकट खुले आहे. आणि वाघबकरीचे नियम बदलून पाहायला तर खडू आणि फरशी पुरते.

सिंदेवाहीच्या त्या मुलांनी आता एक शंभर पानी वही घातली आहे. दर शनिवारी एक खेळ, डावीकडच्या पानावर 'काय खरे', उजवीकडे 'काय खोटे'. वाघाच्या त्या खेळाचे उजवे पान गच्च भरले आहे. एक नोंद अशी: "पाऊस पडते, पण नाल्याचे पाणी वाढत नाही." खाली दुसऱ्या अक्षरात कोणीतरी लिहिले आहे: "पाणी वाढले असते तर वाघ त्या बाजूलाच राहिला असता." आणि त्याखाली तिसऱ्याने लिहिले आहे: "चूक. वाघ पोहते. विचारा कोणालाही."