आर्क्टिकचा नकाशा आणि निर्णयाचा हक्क
कॅनडाच्या अतिउत्तरेकडील दुर्गम प्रदेशांतील खनिजांचा वेध घेण्यासाठी तेथील केंद्र सरकारने २००८ मध्ये भूवैज्ञानिक नकाशांची मोहीम हाती घेतली. पहिल्या पाच वर्षांसाठी १० कोटी डॉलरची तरतूद झाली. हे नकाशे सर्वांना खुले असल्याने खाण कंपन्यांची जोखीम घटते. मात्र खनिज कोठे असू शकेल, एवढेच नकाशा सांगतो. ते काढावे की नाही, हे सांगत नाही. नुनावुतमधील मेरी रिव्हर लोहखाणीचा उत्पादनवाढीचा प्रस्ताव सागरी जीवांवरील परिणामांच्या कारणास्तव २०२२ मध्ये याच केंद्र सरकारने फेटाळला. शिकारीवर जगणाऱ्या इन्युइटांना तो दिलासा होता. जमीन व खनिजांचा कारभार २०२७ पर्यंत नुनावुतकडे सोपविण्याचा करार २०२४ मध्ये झाला. रोजगार की शिकारीचे समुद्र, हा पेच मग त्यांनाच सोडवावा लागेल.