खिशातील शब्दकोश आणि सहीपूर्वीचे वाचन

आपल्या व्यापारी कुटुंबांत सौद्याची बोलणी मराठीत, गुजरातीत किंवा मारवाडीत होतात. परंतु ज्या कागदांवर आपण सह्या करतो, ते बहुधा इंग्रजीत असतात. बँकेचे मंजुरीपत्र, हमीपत्र, गोदामाचा भाडेकरार, विम्याची पॉलिसी, मोठ्या कंपनीचा वितरक-करार या साऱ्यांची भाषा तीच. बँकेतील सेवाकाळात मी वारंवार पाहिले, की मुरलेले व्यापारीही व्याजाचा दर, हप्ता व मुदत एवढे बारकाईने तपासतात आणि उरलेल्या पानांवर, अधिकारी बोट ठेवील तेथे, सह्या करीत जातात. यात घाई हे एक कारण असते आणि शब्द न कळणे हे दुसरे. दुसऱ्या कारणावरचा उपाय आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईलवरील इंग्रजी शब्दकोशाचे ॲप व्यवहारात कसे उपयोगात आणावे, याचा या वेळी विचार करू.

समजा, तीन भावांच्या भागीदारी पेढीने तीस लाखांचे कर्ज घेतले आणि करारात भागीदारांची जबाबदारी ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ राहील असे लिहिले आहे. ‘सेव्हरल’ हा शब्द ॲपमध्ये शोधला, तर प्रथम ‘दोनहून अधिक, काही’ असा अर्थ दिसतो. तेवढ्यावर थांबणाऱ्यास वाटते, की जबाबदारी अनेकांत वाटली गेली, म्हणजे आपल्या वाट्यास दहा लाख आले. तीच नोंद पुढे वाचल्यास ‘पृथक्, स्वतंत्र’ हा दुसरा अर्थ सापडतो आणि करारात तोच अभिप्रेत असतो. त्याचा परिणाम असा, की बँक तीसही लाख तिघांपैकी कोणाही एकाकडून मागू शकते. भरणाऱ्याने नंतर भावांकडून त्यांचा हिस्सा वसूल करावा. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २५ मध्येही भागीदारांची जबाबदारी अशीच सांगितली आहे.

एका शब्दास अनेक अर्थ असतात, ही गोष्ट आपल्या परंपरेस नवीन नाही. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात ‘अभिधानचिंतामणि’ हा समानार्थी शब्दांचा कोश रचला आणि अनेक अर्थांच्या शब्दांसाठी ‘अनेकार्थसंग्रह’ हा स्वतंत्र कोश सिद्ध केला. आजच्या ॲपमध्ये ही दोन्ही कामे बहुधा एकाच नोंदीत झालेली असतात. अर्थांना १, २, ३ असे क्रमांक दिलेले असतात; अर्थापूर्वी तो शब्द नाम आहे की क्रियापद हे सांगितलेले असते; आणि काही अर्थांपुढे ‘लॉ’ किंवा ‘फायनान्स’ अशी खूण असते. करार वाचताना या खुणेचा अर्थ प्रथम पाहावा. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे सामान्यतः विचार. कायद्यात मात्र मोबदला. ‘एक्झिक्यूट’ म्हणजे अंमलात आणणे, देहदंड देणे आणि दस्तावर सही करून तो पूर्ण करणे. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, आणि दंडात्मक निर्बंधही. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे त्या वाक्यावरून ठरवावे लागते. म्हणून अर्थ मिळाल्यावर तो मूळ वाक्यात बसवून वाक्य पुन्हा वाचावे.

ॲप निवडताना इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश घेणे सोयीचे. लॉंगमनच्या १९७८ च्या कोशात सर्व अर्थ सुमारे दोन हजार सोप्या शब्दांच्या आधारे दिले होते. त्यामुळे एक अवघड शब्द पाहताना चार नवे अवघड शब्द समोर येत नाहीत. इंटरनेटविना चालणारा कोश असल्यास गोदामात किंवा प्रवासातही अडत नाही. करार मोबाईलवर आला असेल, तर शब्दावर बोट दाबून धरावे. बहुतेक फोनमध्ये अर्थ पाहण्याचा पर्याय तेथेच दिसतो. मात्र कोशास तुमची संपर्कयादी किंवा संदेश वाचण्याचे कारण नाही. ॲप तशी परवानगी मागू लागल्यास ती नाकारावी. त्याचप्रमाणे संपूर्ण करार, खातेक्रमांक व पॅनसह, एखाद्या अनोळखी भाषांतर-ॲपमध्ये टाकू नये. शब्द शोधावा, दस्त देऊ नये.

एक शब्द अपुरा कळल्याने काय होते, हे सर्वांनी २०२० मध्ये अनुभवले. त्या वर्षी २७ मार्च रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांवर तीन महिन्यांचे ‘मोरॅटोरियम’ देण्याची मुभा बँकांना दिली. पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. अनेकांनी ती हप्तेमाफी समजली. कोणत्याही कोशात या शब्दाचा अर्थ ‘ठरावीक काळापुरती स्थगिती’ असाच आहे. स्थगितीच्या काळात व्याज चालूच होते. व्याजावरील व्याजापुरता दिलासा नंतर मिळाला. परंतु मूळ व्याज भरावेच लागले. ज्यांच्यापाशी पैसा होता, त्यांनीही हप्ते थांबवून आपला बोजा वाढवून घेतला.

कोशाची मर्यादाही ओळखली पाहिजे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीशी ‘को-एक्स्टेन्सिव्ह’ असते. कोश सांगेल, ‘समान व्याप्तीची’. पण यामुळे बँक मूळ ऋणकोकडील वसुलीचे मार्ग संपण्याची वाट न पाहता थेट जामीनदाराकडे येऊ शकते, हे कोश सांगणार नाही. नातलगाच्या किंवा मित्राच्या शब्दाखातर हमीपत्रावर सही करण्यापूर्वी ते वकिलास किंवा सनदी लेखापालास विचारावे. शिवाय करारात आरंभी व्याख्यांचे कलम असते. तेथे एखाद्या शब्दास जो अर्थ दिला असेल, तो त्या करारापुरता कोशाच्या अर्थावर मात करतो. मराठी प्रतिशब्द हवा असल्यास महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे ‘न्यायव्यवहार कोश’ व ‘वाणिज्यशास्त्र परिभाषा कोश’ उपयोगी पडतात.

आणखी एक हक्क वाचकांनी ध्यानात ठेवावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नव्या मुदतकर्जांसाठी, मुख्य अटींचा गोषवारा कर्जदारास समजणाऱ्या भाषेत देणे व समजावून सांगणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. तो मराठीत मागून घ्यावा. सविस्तर कराराचा मसुदा मात्र सहीच्या एक-दोन दिवस आधी घरी आणावा.

मसुदा घरी आल्यावर शब्द शोधण्याचे काम मुलांवर व सुनांवर सोपवावे. पेढीत रोजकीर्द व खतावणी असते, तशी शब्दांची एक वही ठेवावी. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, खाली तो कोणत्या दस्तात व कोणत्या कलमात आला याची नोंद. कर्जाच्या करारांत तेच ते शब्द पुनःपुन्हा येत असल्याने, दोन-तीन दस्त वाचून होईपर्यंत ॲप उघडण्याची गरज पुष्कळ कमी होते. पुढच्या पिढीस वारशात पेढी मिळते, तिच्या जबाबदाऱ्याही मिळतात. त्या कोणत्या शब्दांत लिहिल्या आहेत, हे तिला आपल्या हयातीतच वाचता आले पाहिजे.