उपाशी पोटाची आरती बंद करा

दरवर्षी १४ एप्रिलला एक भाषण ऐकावं लागतं. बाबासाहेब लंडनला पावाच्या तुकड्यावर राहिले, बोव्हरीलचा कप प्याले, रात्री भूक लागली की पापड खाल्ले आणि अठरा-अठरा तास वाचलं. मग वक्ता समोरच्या पोरांवर बोट रोखतो : तुम्हाला काय धाड भरलीय? टाळ्या पडतात. वक्ता स्टेजवरून उतरून मटण-भाकरीच्या पंगतीला जातो. पोरं खोलीवर जाऊन तांब्याभर पाणी पितात न् झोपतात.

मला हे भाषण बंद पाडायचं आहे.

बाबासाहेब १९२० ते १९२३ लंडनला अर्धपोटी राहिले ते हौसेनं नव्हे. खिशात पैसा नव्हता. आणि परत आल्यावर त्यांनी उपासाचं माहात्म्य सांगत गावं पालथी घातली नाहीत. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला आपल्या पोरांसाठी वसतिगृह उघडलं. वसतिगृह म्हणजे काय? एका छपराखाली पुस्तक आणि भाकर. ज्यानं भूक सोसली त्यानं भाकरीची सोय केली. ज्यांनी सोसली नाही ते आम्हाला भुकेची पोथी वाचून दाखवतात.

मी बीड जिल्ह्यातला. दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन कारखान्याला. उन्हाळा तापल्याशिवाय त्यांचं तोंड दिसायचं नाही. पंधराव्या वर्षापासून मी तालुक्याला खोली करून एकटा. माझ्यासारखी पोरं-पोरी आजही गावोगाव आहेत. कुणाचा बाप गेलाय, कुणाची आई परजिल्ह्यात मजुरीला, कुणी घर सोडलंय, कुणाला घरानं सोडलंय. त्यांना सकाळी उठून एकच प्रश्न असतो : आज काय खायाचं?

सरकारचा हिशेब बघा. शाळेतली खिचडी पहिली ते आठवी. नववीत पोराचे खांदे रुंदावतात, हाडं लांबतात, पोरीची पाळी सुरू झालेली असते. म्हणजे भूक सगळ्यात दांडगी. नेमकं तेव्हाच ताट काढून घेतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य. तेही घराच्या कार्डावर. आता दुसऱ्या गावच्या दुकानातही ते उचलता येतं, हे खरं. पण नुसत्या गव्हातांदळानं रक्त होत नाही. सोळा ते अठराच्या पोराला दिवसाला ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं देशाची पोषण संस्थाच सांगते. ती कुठून आणायची? वडापावातून? वडापाव म्हणजे पीठ, बटाटा न् तेल. पोट फुगतं, अंग भरत नाही.

वसतिगृहात नंबर लागला नाही तर अकरावीपासून स्वाधार योजना. २०१६-१७ साली ती आली तेव्हा मुंबई-पुण्यात जेवणाचे वर्षाला ३२ हजार ठरले. ३६५ नं भागा. दिवसाला ८८ रुपयेही भरत नाहीत. आणि हप्ता कधी पडेल त्याचा नेम नाही. बिल मंजूर व्हायला वेळ लागतो म्हणे. मेसवाला थांबत नाही. भूक तर मुळीच थांबत नाही.

आता शहाण्यांकडे वळू. पेपरच्या पुरवणीत आरोग्याचं पान असतं. भिजवलेले बदाम खा. बाहेरचं टाळा. आईच्या हातचं, घरचं खा. कुणाचं घर? कुठली आई? ती फडात मोळी बांधतेय! हे पान ज्याच्यासाठी लिहिलंय त्याच्या घरी फ्रीज आहे.

आणि ज्या खाण्यानं आम्ही जगलो त्याचं काय केलं यांनी? ज्वारीची भाकर, अंबाडी, तरोटा, सुकट, वजडी, रक्ती, वाळवलेल्या चान्या. गरिबाला परवडणारं, अंगाला लागणारं खाणं. त्याला आधी घाण म्हटलं. मग कायदा आणला. गायीची कत्तल आधीच बंद होती. २०१५ साली बैल आणि वळूही त्यात घातले, पाच वर्षांपर्यंत तुरुंग ठेवला. स्वस्तातलं मांस गरिबाच्या ताटातून गेलं. २०२३ च्या अखेरीला शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू झालं. एकच! ते तरी टिकावं? २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचा पैसा बंद केला. लोकवर्गणी काढा म्हणाले. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढीसुद्धा आमच्या लेकरांच्या पोटात जाताना यांच्या धर्माला ठेच लागते.

मी एका खोलीत सुकट भाजली म्हणून मालकानं महिन्याच्या मधेच सामान बाहेर ठेवलं. वासावरून जात ओळखतात हे लोक. नंतर आठ दिवस मी बिस्किटावर काढले.

आपल्यातलेही काही पंडित म्हणतात, बाबासाहेबांनीच मांस सोडायला सांगितलं. खोटं आहे! १९२७ ला महाडात त्यांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. फेकलेलं, उष्टं खाऊ नका, हा त्याचा अर्थ. अंडं-मासळी टाकून वरणाच्या पाण्यावर जगा, असा तो होत नाही. ब्राह्मणाच्या ताटाची नक्कल म्हणजे स्वाभिमान नव्हे.

आता कार्यकर्त्यांनो, तुमच्याशी. आपल्या विहारांत अभ्यासिका आहेत. ट्यूबलाइट आहे, पंखा आहे, बाबासाहेबांचे खंड आहेत. चूल नाही! रात्री दहापर्यंत तिथं बसलेला पोरगा कितव्यांदा तेच पान वाचतोय, ते बघा जरा. अक्षरं फिरतात त्याच्या डोळ्यांपुढं. शिका म्हणता, संघटित व्हा म्हणता, संघर्ष करा म्हणता. तिन्हीला रक्त लागतं. आणि या देशात पंधरा ते एकोणीसच्या शंभर पोरींत एकोणसाठ पोरींच्या अंगात रक्त कमी आहे. २०१९-२१ ची सरकारी पाहणी सांगते. मोर्चात चक्कर येऊन पडली की आपण म्हणतो ऊन लागलं.

मिरवणुकीच्या डीजेचा एका रात्रीचा पैसा बाजूला काढा. त्यात अभ्यासिकेत शेगडी न् मोठं पातेलं येईल. रोज संध्याकाळी एक भांडं डाळ-भात, वर लिंबू पिळून. लिंबानं डाळीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा ढोसू नका, त्यानं ते वाया जातं. फुटाणे, शेंगदाणे, गूळ यांचे डबे भरून ठेवा. मूठभर घेणाऱ्याला कुणी हिशेब विचारायचा नाही. ज्याच्या खोलीवर चूल नाही त्याला मटकी भिजवून मोड आणायला शिकवा. अंडी आठवड्याला एक कशाला, रोज उकडा. आणि पोरींना आधी वाढा. घरी त्या शेवटीच जेवतात.

पण पातेलं ठेवलं म्हणजे सरकार सुटलं, असं समजू नका. नाहीतर आपलाही अन्नछत्र मंडळ होईल. पोटात घास असलेली तीच पोरं घेऊन समाजकल्याणच्या दारात बसा. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला हवा. बारावीपर्यंत शाळेतलं जेवण हवं. अंडं परत हवं. ही भीक नाही, हिस्सा आहे. जी ऊस तोडते तिच्या लेकरानं साखर कारखान्याच्या जिल्ह्यात उपाशी झोपायचं, हा कुठला न्याय?

आणि पुढच्या १४ एप्रिलला कुणी पावाच्या तुकड्याची गोष्ट सुरू केली, तर उभं राहून विचारा : साहेब, तुम्ही जेवलात का? ही पोरं जेवली का?

जयभीम म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच असला पाहिजे. जेवलास का, भावा? जेवलीस का, ताई? त्याचं उत्तर मिळाल्यावर मग पुस्तक उघडू.