परिचारकाच्या शिक्षणाचा भार कोणी उचलावा?

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायातील हा विषय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केला. परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे उत्तरपत्रिकेत लिहून गुणही मिळविले. परंतु असा परिचारक घडविण्यास किती काळ लागतो, तो घडत असताना त्याचे वेतन कोण देतो आणि शिकविणाऱ्याचा वेळ कोणाच्या खात्यावर पडतो, हे प्रश्न स्वतःचे केंद्र चालवू लागल्यावरच समोर उभे राहतात.

माझ्या पंचकर्म केंद्रात तिघे काम करतात. खानदेशातील आपल्या बहुतेक व्यवसायबंधूंची स्थिती याहून फारशी वेगळी नसावी. काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एका खेड्यातून दहावी उत्तीर्ण झालेली एक मुलगी कामास आली. पहिले तीन महिने तिने केवळ पाहिले. तेलाची उष्णता हाताच्या पाठीवर पारखणे, स्वेदनाच्या वेळी रुग्णाच्या नेत्रांचे व हृदयाचे रक्षण करणे, बस्तीसाठी रुग्णास डाव्या कुशीवर नीट निजविणे, वमनाचे वेग मोजून लिहिणे, हे सारे तिला स्वतंत्रपणे जमू लागण्यास वर्ष लागले. त्या वर्षात दररोज तासभर मी तिच्यासोबत होतो आणि तेवढे रुग्ण बाहेर खोळंबत होते. पुढे तिचा हात इतका बसला की, पेटीस्वेद घेणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना भोवळ येत असल्याचे माझ्या आधी तिने ओळखले व स्वेदन थांबविले. दोन वर्षे पूर्ण होताच मोठ्या शहरातील एका विश्रामगृहाच्या मालिश केंद्राने तिला जवळजवळ दुप्पट वेतन देऊ केले आणि ती गेली.

मी तिला दोष देत नाही. गरीब घरातील मुलीने जास्त पगाराची नोकरी का नाकारावी? दोष द्यायचा तर तो माझ्यातच आढळला. तिच्या जागी आलेल्या मुलास मी मनापासून शिकविले नाही. अभ्यंगापुरते दाखविले आणि बाकीचे स्वतःकडे ठेवले. ‘शिकवावे आणि त्याने निघून जावे, त्यापेक्षा न शिकविलेलेच बरे’ असा विचार मनात आला होता, ही कबुली देताना संकोच वाटतो. पण लहान मालक प्रशिक्षणावर खर्च का करीत नाही, याचे उत्तर याच विचारात आहे. पेरणी एकाने करावयाची आणि कापणी दुसऱ्याने, असे एकदा घडले की पुढल्या हंगामात शेत पडीक राहते. जळगावची डाळमिल असो की धुळ्याची जिनिंग, तेथील लहान कारखानदारांशी बोलताना यंत्रावरील फिटरविषयी हीच तक्रार ऐकू येते.

म्हणूनच प्रशिक्षणाच्या खर्चात शासनाने वाटा उचलावा, ही कल्पना योग्य आहे. शिकलेला माणूस एका मालकाचा राहत नाही, तो समाजाचा होतो; तेव्हा त्याच्या शिक्षणाचा काही भार समाजाने वाहिला पाहिजे. आपल्याकडे हा विचार नवा नाही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. सुशिक्षित बेरोजगारांना आस्थापनांत विद्यावेतनावर काम शिकविणारा महाराष्ट्राचा रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम १९७४ चा. केंद्र शासनाने २०१६ साली राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आणली आणि विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा कमाल १,५०० रुपये, देण्याचे ठरविले. महाराष्ट्राने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली. तीत बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय अथवा पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठेवण्यात आले. सहा महिन्यांची मूळ मुदत २०२५ मध्ये अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली.

हेतू स्तुत्य आहेत. तथापि आपल्यासारख्या लहान आस्थापनेच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहिले असता तीन उणिवा जाणवतात.

पहिली उणीव पात्रतेची. २०२४ च्या योजनेत आस्थापनेकडे भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा, जीएसटी इत्यादी नोंदण्या असाव्यात, अशी अट होती. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणतः वीस कर्मचाऱ्यांपासून लागू होतो आणि वैद्यकीय सेवा जीएसटीतून मुक्त आहे. तिघांचे केंद्र चालविणाऱ्या वैद्याने या नोंदण्या आणाव्यात कोठून? शिकाऊ उमेदवारीच्या नियमांतही २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीस वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक, तर चार ते एकोणतीसपर्यंत ऐच्छिक आहे. चारच्या खाली दार बंद. शिवाय २०२४ ची योजना किमान बारावी उत्तीर्णांसाठी होती. आपल्याकडे परिचारक म्हणून येणारी मुले-मुली पुष्कळदा आठवी-दहावीपर्यंतच शिकलेली असतात. ज्यांना कौशल्याची निकड सर्वाधिक, तेच बाहेर राहिले.

दुसरी उणीव अशी की, अनुदान प्रामुख्याने विद्यावेतनास मिळते, शिकविण्यास नव्हे. २०१६ च्या योजनेच्या आरंभीच्या स्वरूपात मूलभूत प्रशिक्षणासाठी ५०० तासांना कमाल ७,५०० रुपये, म्हणजे तासाला १५ रुपये, अशी तरतूद होती. लहान मालकाचा खरा खर्च मात्र वेळेचा असतो. सिंगापूरमध्ये कर्मचारी प्रशिक्षणास गेला असता त्या तासांच्या वेतनाची काही भरपाई मालकास देण्याची पद्धत आहे. कारण उघड आहे. तिघांपैकी एक जण शिकावयास गेला की केंद्राचे एक तृतीयांश काम थांबते; तीनशेंच्या कारखान्यास ते जाणवतही नाही.

तिसरी उणीव फलिताची. मुदत संपली, विद्यावेतन थांबले, आता पुढे काय, हा प्रश्न २०२४ च्या योजनेतील अनेक प्रशिक्षणार्थींनी विचारला. हाती बाजारात मान्य होईल असे कौशल्य असते, तर त्याचे उत्तर सोपे झाले असते.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अनुदान लहान मालकांच्या हाती दिले तर प्रशिक्षणाच्या नावाखाली झाडलोट करून घेतली जाईल, असे कोणी म्हणेल. ही शंका निराधार नाही. आपल्यातीलही काही जण वर्षानुवर्षे काम करणाऱ्या सेवकास अनुभवाचा दाखला देत नाहीत, तो निघून जाईल या भीतीने. अशा हातांत सार्वजनिक पैसा विनाअट पडू नये. लेखी अभ्यासक्रम, दैनंदिन नोंदवही आणि त्रयस्थ परीक्षकाकडून परीक्षा या तीन अटी असाव्यात आणि अनुदानाचा अखेरचा हप्ता उमेदवार उत्तीर्ण झाल्यावरच मिळावा. ‘पंचकर्म तंत्रज्ञ’ या कामाचे निकष आरोग्यसेवा क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ठरविलेलेच आहेत; मापदंड नव्याने शोधावयास नको.

राहिला संख्येचा प्रश्न. अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवारांना आपापल्या आस्थापनांत आळीपाळीने शिकवावे, अशी मुभा १९६१ च्या कायद्यातच आहे. जळगाव, चोपडा, अमळनेर, धुळे, शिरपूर येथील दहा केंद्रे एकत्र आली तर तीस कर्मचारी सहज होतात. अशा समूहाची कर्मचारीसंख्या एकत्रित धरावी आणि नोंदण्यांच्या अटी समूहाने पूर्ण केल्या तरी चालावे, अशी मागणी आपल्या संघटनेने शासनाकडे करावी. वसंतात वमन, वर्षाऋतूत बस्ती, शरदात विरेचन; पण वैशाख-ज्येष्ठाच्या खानदेशी उन्हात आपली केंद्रे बरीचशी रिकामी असतात. तो काळ सामूहिक वर्गांसाठी उत्तम आहे. एकाने बस्ती शिकवावी, दुसऱ्याने शिरोधारा.

मात्र शासनाच्या निर्णयाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्याकडील प्रत्येक परिचारकास त्याने काय शिकले याचा दाखला द्यावा, एवढे तर प्रत्येकास उद्यापासून करता येईल. माझ्याकडील त्या मुलास मी यंदा बस्तिकर्म शिकवावयास घेतले आहे. तो कदाचित जाईल. परंतु जाईल तेथे कोणा रुग्णाची भोवळ वेळीच ओळखील. संघटनेच्या येत्या बैठकीत हा विषय चर्चेस घ्यावा, ही नम्र विनंती.