काळाच्या हवाली केलेले कुलगुरुपद

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. त्याच्या पहिल्या स्त्री कुलगुरू, डॉ. मेहरू बेंगाली, 1986 साली पदावर आल्या. मध्ये 129 वर्षे गेली. पुढे 1995 साली डॉ. स्नेहलता देशमुख आल्या आणि 2000 साली त्यांची कारकीर्द संपली. त्याला दोन तपे होऊन गेली, तरी या विद्यापीठाला पुन्हा पूर्णवेळ स्त्री कुलगुरू मिळालेली नाही. ‘आता सगळे बदलले आहे’ असे म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब तपासावा.

उच्च शिक्षणातील स्त्रीनेतृत्वाचा विषय निघाला की चार आक्षेप हमखास येतात. ते घेणारे बहुतेक जण मुलींच्या शिक्षणाचे मनापासून समर्थक असतात, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

पहिला आक्षेप असा: घाई कशाला? मुली शिकताहेत, उद्या आपोआप वर पोचतील. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात मुलींचे पटनोंदणीचे प्रमाण 28.5 टक्के, तर मुलांचे 28.3 टक्के होते. अध्यापकांत स्त्रिया 43.4 टक्के होत्या. आकडे आनंदाचे आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. मुंबईत वर्ग मुलींनी भरत गेले आणि कुलगुरूंची खुर्ची मात्र पुन्हा पुरुषांकडेच राहिली. अलीगढ मुस्लीम विद्यापीठ 1920 साली सुरू झाले तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ होत्या. तिथे पहिल्या स्त्री कुलगुरू, नईमा खातून, आल्या 2024 साली. मानाचे पद पहिल्याच दिवशी मिळाले, कारभाराच्या पदाला शंभर वर्षे लागली. काळ नेमणुका करत नाही, माणसे करतात.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: स्त्री-पुरुष पाहू नका, गुणवत्ता पाहा. अगदी मान्य. पण ती मोजायची कशाने? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार कुलगुरुपदासाठी प्राध्यापक म्हणून किंवा तत्सम शैक्षणिक-प्रशासकीय कामाचा दहा वर्षांचा अनुभव लागतो. महाराष्ट्रात कुलगुरूची मुदत पाच वर्षे किंवा वयाची 65 वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. आता गणित मांडा. मुले लहान असताना जिचे संशोधन रेंगाळले आणि बढती लांबली, ती बावन्नाव्या वर्षी प्राध्यापक झाली, तर पात्र होते बासष्टाव्या वर्षी. तिच्या वाट्याला उरतात तीन वर्षे. तिच्यापेक्षा पाच वर्षे आधी प्राध्यापक झालेला सहकारी पूर्ण मुदत देऊ शकतो, म्हणून निवड करणाऱ्यांना तो सोयीचा वाटतो. यात बुद्धीची तुलना कुठे झाली?

प्रशासकीय अनुभवाचेही तेच. महाविद्यालयात वर्षाच्या सुरुवातीला समित्या वाटल्या जातात तेव्हा पाहा. सांस्कृतिक विभाग, पाहुण्यांचे स्वागत, सूत्रसंचालन ही कामे मॅडमकडे जातात. परीक्षा, खरेदी, बांधकाम, वित्त ही सरांकडे. वीस वर्षांनी मुलाखतीत विचारतात, ‘आर्थिक कारभार सांभाळला आहे का?’ जो अनुभव मिळूच दिला नाही, त्याच्या अभावाला गुणवत्तेची उणीव म्हणणे हा अन्याय आहे.

तिसरा आक्षेप: स्त्रियाच जबाबदारी नको म्हणतात. काही म्हणतात, हे खरे आहे. प्राचार्यपद नाकारणाऱ्या बाई आपल्या सर्वांच्या ओळखीत असतील. पण संध्याकाळी सहाला सुरू होऊन नऊला संपणाऱ्या बैठका, घरी आजारी सासूबाई आणि बारावीतला मुलगा, शिवाय ‘आधी घर बघ’ असे सांगणारे नातलग, एवढे सारे गृहीत धरून दिलेल्या नकाराला तिची आवड म्हणता येत नाही. जिथे संधी आणि पाठबळ मिळाले तिथे स्त्रियांनी माघार घेतलेली नाही. हंसा मेहता 1949 साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री कुलगुरू. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर सैन्यातील कारकीर्दीनंतर 2021 साली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

चौथा आक्षेप: स्त्री आल्याने असा काय फरक पडणार? याला माझे उत्तर स्पष्ट आहे. फरक पडो न पडो, हक्क आहे तो आहे. स्त्री जात्याच अधिक न्यायी असते, असा माझा दावा नाही. पुरुष कुलगुरू नेमताना ‘पुरुष असल्याने काय फरक पडेल’ असे कोणी विचारत नाही. तरीही एक नोंद करायलाच हवी. विद्यार्थ्याच्या कागदपत्रांवर आईचे नाव यावे, हा निर्णय मुंबई विद्यापीठात स्नेहलताबाईंच्या काळात झाला. त्याआधीच्या शंभराहून अधिक वर्षांत त्या रिकाम्या जागेकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

आक्षेप झाले. आता करायचे काय, ते सांगतो. अडथळा निवडीच्या रचनेतच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 कुलगुरूच्या शोध समितीत राष्ट्रीय दर्जाच्या संस्थेचा संचालक घेण्यास सांगतो, आयआयटीसारख्या. पण आयआयटीच्या कोणत्याही परिसराची सूत्रे पहिल्यांदा स्त्रीकडे गेली ती 2023 साली, प्रीती अघलायम यांच्याकडे, आणि तो परिसरही भारतात नव्हता, झांझिबारमध्ये होता. जिथे स्त्रिया पोचलेल्या नाहीत, तिथूनच निवड करणारे आणायचे आणि मग स्त्रिया निवडल्या जात नाहीत म्हणून नवल करायचे, हे थांबले पाहिजे.

शोध समितीत किमान एक स्त्री सक्तीची करा. समितीने कुलपतींकडे पाठवायच्या पाच नावांत किमान दोन स्त्रियांची असू द्या. निवड मग गुणांवरच होऊ द्या. परीक्षा, वित्त आणि खरेदी समित्यांची प्रमुखपदे आळीपाळीने फिरती ठेवा. बैठका कामाच्या वेळेत घ्या. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींसाठी कायदासुद्धा बदलावा लागत नाही. प्राचार्यांनी मनावर घेतले तर येत्या जूनपासून त्या सुरू होतील.

पदवीधर वाचकांना एक विनंती. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात आणि त्यांतली एक जागा कायद्याने स्त्रीसाठी राखीव आहे. म्हणजे अधिसभेच्या दारात कायद्याला जे पटले, ते शोध समितीच्या दारात अजून पटलेले नाही. मतदार म्हणून आपले नाव नोंदवा. उमेदवार मत मागायला येईल तेव्हा त्याला विचारा: शोध समितीत स्त्री असावी, हा ठराव तुम्ही मांडणार का? जो ‘हो’ म्हणेल, त्यालाच मत द्या.